इंजनची राखण

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली की भोकरदनहून जाफराबादला जाणाऱ्या सकाळच्या एस.टी.त मी खिडकीची जागा सोडत नाही. कुणी लेकुरवाळी बाई उभी असली तरी क्षणभर नजर चोरते, मग लाज वाटून उठते, आणि ती बसली की तिच्या डोक्यावरून वाकून बाहेर बघतेच. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापूस फुटलेला असतो. बाया कमरेला ओट्या बांधून ओळीत वाकलेल्या, बांधावर एखाद्या झोळीत झोपलेलं लेकरू, आणि उन्हं चढायच्या आतली ती वाळल्या पाल्याची, मातीची, किंचित कडवट हवा. यंदा पाऊस उशिरापर्यंत रेंगाळला, त्यामुळे कापूसही उशिरा फुटला. मी रोज बघत होते. परवा एका वळणावर पहिलं पांढरं शेत दिसलं आणि मला इंजनची आठवण आली.

इंजन आमचा कुत्रा. आमचा म्हणजे माझ्या वडिलांचा, अण्णांचा. त्याची आई एका मेंढपाळाची कुत्री. मेंढ्या आमच्या रानात खतासाठी बसायला आल्या होत्या तेव्हा अण्णांनी हे पिल्लू मागून घेतलं. विहिरीवरच्या डिझेल इंजिनासारखा घुरघुरतो म्हणून नाव पडलं इंजन, आणि आमच्याकडच्या तोंडात त्याचं झालं इंजान. राखाडी रंग, वासराएवढं धूड, एक कान कुठल्याशा भांडणात फाटलेला. अनोळखी माणूस त्याला बघून बांधावरच थांबायचा आणि तिथूनच हाक मारायचा.

वेचणीच्या दिवसांतलं अण्णांचं शेतातलं घर मला फार आवडायचं. दोन खोल्या, पैकी एक पुरती कापसानं भरलेली. दार उघडलं की कापूस अंगावर यायचा. त्या खोलीत आवाजच उमटत नाही. आत जाऊन बोललं तर आपलंच बोलणं कुणी हातानं झाकल्यासारखं वाटतं. आई होती तेव्हा ती वेचून आली की खोबरेल तेलाची बाटली घेऊन बसायची. वाळल्या बोंडाची टोकं बोटांना ओरबाडतात, नखांच्या कडेला रक्त येतं. मी शिकले, मास्तरीण झाले, खडूनं बोटं पांढरी करून घेतली, पण वेचणीच्या दिवसांत आजही माझा हात नकळत तेलाच्या बाटलीकडे जातो. आई गेली आणि अण्णा त्या घरात एकटे राहिले. एकटे म्हणजे, इंजनसोबत.

मला आठवतो तो हंगाम काही वर्षांपूर्वीचा. पहिली वेचणी नुकतीच झाली होती. अण्णा विहिरीच्या पायरीवरून घसरले आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पाय जुळला, पण डॉक्टरांनी बजावलं की आता शेतावर एकट्यानं राहायचं नाही. वय चौऱ्याहत्तर. चुलतभावानं शेत करायला घेतलं. तो गावातून येऊन-जाऊन करणार होता. मी अण्णांना भोकरदनला माझ्याकडे न्यायचं, हे सगळ्यांनी मिळून ठरवलं. अण्णांना तेवढं विचारायचं राहिलं.

"मी इथून हालत न्हाई, बाई," ते म्हणाले. आमच्याकडे लेकीला बाई म्हणतात. "आधी इंजानचं बघ. त्याची सोय लागल्याबिगर मी पाऊल उचलत नसतो."

माझं भोकरदनचं घर दुसऱ्या मजल्यावर. जिना इतका अरुंद की गहू वर नेताना पोतं उभं करावं लागतं. इंजन तेव्हा अकरा वर्षांचा होता, मागचे पाय धरलेले, एक पायरी चढायची म्हटलं तरी विचार करायचा. खाली घरमालकीण राहायची, तिला मांजरानंसुद्धा शिंका यायच्या. ही कारणं खरी होती. पण आता लपवून काय करायचं, कारणं नसती तरी मी त्याला आणलं नसतं. मला अण्णा हवे होते. ते धूड नको होतं. चुलतभावाकडे आधीच दोन कुत्री होती आणि इंजन त्यांना दारात उभं करत नव्हता.

मग मी कामाला लागले. सोय लावणं हा आपला जन्मसिद्ध प्रांत आहे असं प्रत्येक मास्तरणीला वाटतं, तसं मलाही वाटतं. शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटात मी इंजनचा छान फोटो टाकला. खाली लिहिलं: वय अकरा, मोठा, प्रामाणिक, चांगलं घर हवं आहे. पहिलं उत्तर आलं, "अभिनंदन." दुसऱ्यानं हात जोडले. तिसऱ्यानं फोटो पाहून थेट भावपूर्ण श्रद्धांजली वाहिली, आणि मग त्याच्यामागे ओळीनं आठ जणांनी वाहिली. मी गटात लिहिलं की कुत्रा जिवंत आहे. त्यावर पुन्हा कुणीतरी अभिनंदन केलं.

घनसावंगीकडच्या एका मोसंबीवाल्या बागायतदाराला फोटो आवडला. बागेला असंच दांडगं कुत्रं पाहिजे म्हणाला. तो रविवारी गाडी घेऊन आला, इंजनभोवती एक फेरी मारली आणि अण्णांना म्हणाला, "दात दावा की." अण्णांनी बैलाचा दाखवावा तसा इंजनचा जबडा उघडून दाखवला. बागायतदार बघून मागं सरला. "काका, हे तर पार उतरलं. मला दोन वर्सात दुसरं बघावं लागंल." चहा पिऊन तो निघून गेला.

मग मेंढपाळ आले, दरवर्षीसारखे. त्यांच्यातल्या म्हाताऱ्यानं इंजनच्या पायांवरून हात फिरवला, सांधे दाबून पाहिले आणि मान हलवली. "अण्णा, रक्त आमचंच है. पन हे आता चालनार न्हाई. आम्ही रोजचे चालनारे. मधीच बसलं तर आम्ही थांबावं कसं?" त्याला खरोखर वाईट वाटलं होतं. जाताना त्यानं इंजनसमोर अर्धी भाकर ठेवली. आपण माणसं म्हाताऱ्या जनावराबद्दल फार गोड बोलतो, पण त्याला ठेवून घ्यायची वेळ आली की आपल्या गोडव्याचं काय होतं ते मी त्या महिन्यात जवळून पाहिलं. स्वतःचंही पाहिलं.

आणि मग रशीदभाई आले. जाफराबादला त्यांचा गाद्या आणि रजया भरायचा धंदा. गावाबाहेर पत्र्याचं शेड, त्यात कापूस पिंजायचं मशीन. दर हंगामात ते अण्णांकडून पहिल्या वेचणीचा थोडा स्वच्छ कापूस न्यायचे. भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर कायम कापसाचे तंतू, त्यामुळे माणूस दहा वर्षांनी मोठा दिसायचा. कापूस न्यायला आले आणि सगळी हकिकत ऐकून घेऊन म्हणाले, "मला द्या."

मी विचारलं, "तुम्हाला? कशाला?"

"मॅडम, गाद्या मी उन्हात टाकतो. गावातली सगळी कुत्री येऊन त्याच्यावर झोपून राह्यली. गिऱ्हाइकाला काय सांगू? हे नुस्तं बसलं तरी एक बी जवळ येनार न्हाई. याला पळायची जरूरतच न्हाई."

कुत्र्यांना आवरायला कुत्रा. मला हसू आलं. पण रशीदभाई हसले नाहीत. बोलायचं ते पुढेच होतं. "अजून एक साफ सांगतो, राग मानू नका. घरी न्हाई नेता येनार. शेडवर राह्यल. त्याचं भांडं अलग, पानी अलग. त्याची लाळ कपड्याला लागली तर मला नमाजेआधी कपडे बदलावं लागतेत, म्हनून मी दुरूनच वागनार. पन उपाशी न्हाई ठेवनार. ही जबान है."

महिनाभरात इतकं सरळ कुणी बोललं नव्हतं. "न्या," अण्णा म्हणाले.

इथं इंजनचा दिनक्रम सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावरच घडलं. दिवसा तो बांधलेला असायचा, वेचणाऱ्या बायांना भीती नको म्हणून. गळ्यात अण्णांनी स्वतः वळलेलं सुती दावं, त्याला एक छोटी पितळी घंटी. संध्याकाळी दिवेलागणीला अण्णा ते दावं सोडून खुंटीला लावायचे. दावं सुटलं की राखण सुरू. मग तो रात्रभर कापसाच्या खोलीभोवती फिरायचा. त्या वेळात कुणी काहीही टाकलं तरी खायचं नाही, हे अण्णांनी त्याला लहानपणीच शिकवलं होतं. चोरटे भाकरीतून काय देतील याचा नेम नाही. सकाळी अण्णा दावं बांधायचे, "झाली राखण," म्हणायचे, आणि भाकर पुढे ठेवायचे. खाऊन तो जो आडवा व्हायचा तो दुपार टळेपर्यंत. वेचायला येणाऱ्या बायांनी त्याला फक्त झोपलेलाच पाहिला होता. "अण्णा, तुमचं इंजान बंद पडलं की वो," असं त्या रोज म्हणायच्या आणि रोज नव्यानं हसायच्या.

नेण्याच्या दिवशी रशीदभाई मालवाहू रिक्षा घेऊन आले. आत जुनी गादी अंथरलेली. इंजनला आम्ही चौघांनी उचलून वर ठेवलं. अण्णांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि मग गळ्यातलं दावं सोडून काढून घेतलं.

आमच्याकडे तशी रीतच आहे. बैल दिला, गाय दिली, तरी दावं देत नाहीत. जनावर जातं, दावं घरात राहतं. दिलं तर त्याच्यामागे घरातली बरकत जाते असं मानतात. घेणारा आपलं दावं घेऊन येतो. अण्णांनी आयुष्यात बरीच जनावरं दिली, दावं एकाचंही दिलं नाही. त्या दिवशी त्यांचा हात सवयीनं गेला की मनानं मागे ओढला, हे मला आजही सांगता येणार नाही. मीही बघत होते. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. रिक्षा धूळ उडवत गेली. इंजन मागे तोंड करून बसला होता, भुंकला नाही. अण्णांनी दावं खुंटीला लावलं आणि म्हणाले, "दोन-चार दिवस थांब. त्याचं बस्तान बसू दे, मंग बघू."

मी शाळेतून चार दिवसांची रजा टाकून शेतावरच राहिले होते. चौथ्या दिवशी सकाळी रशीदभाईंचा फोन आला.

"मॅडम, मी जबान दिल्ती," ते एकदम म्हणाले. आवाज पार बसला होता. "तीन दिवस झाले, एक घास न्हाई. भाकर ठेवली, दूध ठेवलं, घरून कलेजी उकडून आनली. वास घेतंय अन् तोंड फिरवतंय. पानी तेवढं पितंय. झोपत बी न्हाई. शेडला फेऱ्या मारून राह्यलंय, दिवस न्हाई रात न्हाई. पाय लटपटून राह्यले त्याचे. मला बिलकुल समजंना काय करू."

अण्णांनी फोन माझ्या हातातून घेतला. "बांधलं का त्याला?"

"न्हाई जी अण्णा. म्हातारं जनावर, कशाला बांधायचं? आल्यापासून मोकळंच ठेवलंय."

अण्णांनी फोन माझ्याकडे दिला, भिंतीला धरत ते खुंटीपाशी गेले आणि दावं काढलं. ते हातात घेऊन तसेच उभे राहिले. "माझ्या हातनं पाप झालं बाई," ते म्हणाले. "मी दावं सोडून पाठवलं त्याला. त्याची राखण अजून चालूच है."

मला ते कळायला क्षण लागला. एकानं रीत म्हणून दावं ठेवून घेतलं, दुसऱ्यानं माया म्हणून मोकळं सोडलं, आणि दोघांच्या भलेपणात ते म्हातारं जनावर तीन दिवस, तीन रात्री पहाऱ्यावर उभं राहिलं. पुढे आलेला प्रत्येक घास नाकारत. कुणीतरी येऊन पुरे म्हणेल म्हणून.

आम्ही फाट्यावर आलो आणि मिळाली ती काळीपिवळी जीप धरली. अण्णांना पुढे बसवलं. दावं त्यांच्या मांडीवर होतं, आणि खड्ड्यागणिक घंटी वाजत होती. एका बाईनं वाकून सीटखाली शेळी शोधली. मग दुसरीनंही शोधली. एरवी मी हसले असते.

शेडच्या बाहेर गाद्या उन्हात टाकलेल्या होत्या आणि इंजन त्यांच्या कडेकडेनं चालत होता. तीन दिवसांत बरगड्या दिसायला लागल्या होत्या. मागचा पाय ओढत होता. आम्ही उतरलो, घंटी वाजली, आणि तो थांबला. फाटका कान उभा करायचा त्यानं प्रयत्न केला. मग तो आला, त्याला जमेल तसा, आणि अण्णांच्या काठीपाशी उभा राहिला. अण्णांनी त्याला हात लावला नाही. मला वाटलं वाकता येत नसेल, म्हणून मी दावं घ्यायला पुढे झाले. त्यांनी ते रशीदभाईंच्या समोर धरलं.

"तुम्ही बांधा."

रशीदभाई गोंधळले. "मी? तुमच्या हातानं बांधा की अण्णा, तुमचं ऐकतंय."

"माझ्या हातानं बांधलं तर ते उद्या सकाळी बी माझीच वाट बघंल. हे आता तुमचं है. दाव्यासकट."

रशीदभाई खाली बसले. दुरूनच वागणार म्हणालेला तो माणूस, त्यानं दोन्ही हात इंजनच्या मानेखालून घातले. इंजनचं तोंड त्यांच्या खांद्याला घासलं, बाहीवर लाळेची ओली रेघ उठली. त्यांनी ती पाहिली आणि गाठ मारत राहिले. अण्णा म्हणाले, "आता म्हना, झाली राखण."

"झाली राखन, बेटा," रशीदभाई म्हणाले. "खा आता."

इंजननं मान वळवून अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी तोंड फिरवलं आणि समोरच्या गाद्या मोजायला लागल्यासारखे त्यांच्याकडे बघत राहिले. बऱ्याच वेळानं भांडं जमिनीवर घासल्याचा आवाज आला. इंजन खात होता. आधी हळू, मग घाईघाईनं, मग भांडं पुढे सरकायला लागलं म्हणून रशीदभाईंनी ते पायानं अडवून धरलं. खाऊन झाल्यावर तो तिथेच, उन्हात, आडवा झाला, आणि थोड्या वेळानं त्याचं घोरणं सुरू झालं. मी रडत होते. रशीदभाई शर्ट बदलायला आत गेले होते, ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.

त्यानंतर इंजन दोन हंगाम जगला. रशीदभाई संध्याकाळी दावं सोडायचे, सकाळी बांधायचे. त्यासाठी त्यांनी शेडमधल्या एका खिळ्याला एक जुना शर्ट कायमचा अडकवून ठेवला होता. त्याला कामावरची माणसं इंजानचा शर्ट म्हणायची. गाद्यांवर त्यानं एकाही कुत्र्याला बसू दिलं नाही आणि स्वतःही कधी बसला नाही, म्हणून रशीदभाईंनी उरल्यासुरल्या कापसाची एक छोटी गादी त्याच्यासाठी भरली. एका थंडीत, सकाळची भाकर खाऊन, तो त्या गादीवर झोपला तो उठलाच नाही. फोन आला तेव्हा माझा पाचवीचा तास चालू होता. मुलांना शुद्धलेखन घालून मी व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. मी ज्याला घरात घ्यायला नको म्हटलं होतं, त्याच्यासाठी मी इतकी रडेन असं मला वाटलं नव्हतं.

एस.टी.तून ते शेड अजून दिसतं. वेचणीच्या दिवसांत तिथं गाद्यांच्या रांगा लागतात. नवं घर म्हणजे काय असतं याचा विचार मी तिथून जाताना करते. जागा, पाणी, भाकर, सगळं असतं आणि तरी माणूस काय, जनावर काय, आत पाय टाकत नाही. जुन्या घरानं त्याला नीट निरोप दिलेला नसतो. मी मुलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यांवर सह्या करते तेव्हासुद्धा हे मनात येतं.

त्या दिवशीची परतीची वाट मात्र सांगायची राहिली. अण्णा पुन्हा पुढच्या सीटवर, मी मागे. शेतावरच्या घराला आम्ही नुसती कडी लावून आलो होतो. त्यांचे कपडे, गोळ्या, चष्म्याचं घर, सगळं तिथंच होतं. इंजनची सोय लागली होती, पण पुढचं विचारायचा मला धीर होत नव्हता. आणखी दोन दिवस थांब म्हणतील, मग वेचणी होऊ दे म्हणतील, मग संक्रांत. आमचा फाटा जवळ आला तसा ड्रायव्हरनं वेग कमी केला. तो अण्णांना वर्षानुवर्षं तिथं उतरवत आला होता.

"अण्णा, फाटा आला. उतरता ना?"

अण्णांनी आतल्या वाटेकडे पाहिलं. बाया डोक्यावर कापसाची गाठोडी घेऊन बांधावरून चालल्या होत्या. चुलतभाऊ दुरून हात करत होता. जीप थांबली, मागून कुणीतरी घाई करायला लागलं.

"न्हाई बा," अण्णा म्हणाले. "भोकरदनला चल."

जीप पुन्हा निघाली. थोड्या अंतरानं अण्णांनी मागे न बघताच विचारलं, "बाई, तुमच्या घरी सकाळी भाकर किती वाजता होती?"

"सहाला, अण्णा."

"बराबर है," ते म्हणाले, आणि समोरच्या दांडीला धरलेला हात सोडून त्यांनी तो मांडीवर ठेवला.